प्रकाशीय तबकड्या

लेसर किरणाच्या साहाय्याने जिच्यावरील माहिती वाचता येते, किंवा जिच्यावर माहिती नोंदविताही येते, अशा सामान्यतः १२ सेंमी. व्यासाच्या व १·२ मिमी. जाडीच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकतीस प्रकाशीय तबकडी म्हणतात. ध्वनी, चित्र, मजकूर व संगणकीय आज्ञावली अशी कोणतीही माहिती अंकीय स्वरूपात तीवर साठविता येते. सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी व ब्ल्यू-रे हे तिचे परिचित प्रकार होत. बाह्यतः हे सर्व प्रकार जवळजवळ सारखेच दिसतात. तथापि त्यांची अंतर्रचना, धारणशक्ती व आयुष्य यांत फार मोठा फरक आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या फरकास केवळ तांत्रिक महत्त्व आहे असे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण, वेंगुर्ले, कुडाळ व सावंतवाडी या भागांत, दशावतारी नाटकांचे प्रयोग २००० नंतरच्या दशकात व्हीसीडीवर उतरविण्यात आले. लग्ने, जत्रा व गावोगावचे उत्सव यांचे चित्रीकरणही याच काळात तबकड्यांवर साठविले गेले. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यानाचे सूत्र ठरलेले असले, तरी संवाद नट रंगमंचावर आयत्या वेळी रचतात. त्यामुळे एखाद्या रात्रीच्या प्रयोगाची तबकडी निकामी झाली, तर तो प्रयोग अन्य कोणत्याही मार्गाने परत मिळविता येत नाही. कोणती तबकडी किती काळ टिकते, हा प्रश्न या किनाऱ्यावर म्हणूनच सांस्कृतिक इतिहासाचा प्रश्न ठरतो.

मूलतत्त्व : सीडीच्या पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या चकतीवर केंद्राकडून कडेकडे जाणारा एकच अखंड सर्पिल मार्ग असतो. त्याच्या लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर १·६ मायक्रॉन (१ मायक्रॉन = १ मिमी.चा हजारावा भाग) असून उलगडल्यास त्याची लांबी ५ किमी.हून अधिक भरते. या मार्गावर सु. अर्धा मायक्रॉन रुंदीचे सूक्ष्म खळगे असतात व दोन खळग्यांमधील भाग सपाट असतो. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ परावर्तक थर, त्यावर रोगणाचा संरक्षक थर व सर्वांत वर छापील नाव अशी रचना असते.

वाचकयंत्रातील लेसर किरण खालच्या बाजूने पारदर्शक प्लॅस्टिकमधून जाऊन या मार्गावर केंद्रित होतो. सपाट भागावरून प्रकाश बव्हंशी जसाच्या तसा परत येतो. खळग्याची खोली मात्र प्लॅस्टिकमधील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सु. एक-चतुर्थांश ठेवलेली असते. त्यामुळे खळग्यावरून व त्याच्या कडेच्या सपाटीवरून परतणारे तरंग परस्परांना मारक ठरतात व परावर्तित प्रकाश मंदावतो. प्रकाशाच्या या चढउताराचे प्रकाशग्राहक विद्युत्‌संकेतांत रूपांतर करतो. खळगा म्हणजे शून्य व सपाटी म्हणजे एक असा समज रूढ आहे, परंतु तो बरोबर नाही. खळगा जेथे सुरू होतो किंवा संपतो ती कड ‘एक’ दर्शविते आणि कडेपासून कडेपर्यंतचे अंतर मधल्या शून्यांची संख्या सांगते.

वाचनात तबकडीला कशाचाही स्पर्श होत नसल्याने ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिकेप्रमाणे ती झिजत नाही. धूळ व ओरखडे यांमुळे होणाऱ्या चुका गणिती पद्धतीने दुरुस्त केल्या जातात. यासाठी अमेरिकेतील अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली संकेतप्रणाली वापरतात. राजचंद्र बोस व द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी या भारतीय गणितज्ञांनी त्याच सुमारास शोधलेल्या संकेतांशी तिचे निकटचे नाते आहे. मूळ माहितीबरोबर काही जादा अंक नोंदवून व सलग माहिती विखरून ठेवून सु. ४,००० बिटांची, म्हणजे मार्गावरील सु. २·५ मिमी. लांबीची सलग हानी या योजनेने पूर्णपणे भरून काढता येते. हानी त्याहून वाढली की तबकडी एकाएकी वाचेनाशी होते. जुन्या ध्वनिफितीचा आवाज हळूहळू खराब होत जातो व धोक्याची सूचना देतो. प्रकाशीय तबकडी मात्र आतून बरीच बिघडलेली असतानाही अखेरपर्यंत निर्दोष वाजत राहते. तिच्या जतनातील मुख्य अडचण हीच आहे.

इतिहास : अमेरिकन संशोधक जेम्स रसेल यांनी प्रकाशाच्या साहाय्याने अंकीय माहिती नोंदविण्याच्या व वाचण्याच्या पद्धतीचे एकस्व १९७० मध्ये मिळविले. बाजारात आलेली पहिली प्रकाशीय तबकडी म्हणजे १९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेली ३० सेंमी. व्यासाची लेसरडिस्क होय. तिच्यावरील चित्रसंकेत मात्र अंकीय नव्हते. नेदर्लंड्‌समधील फिलिप्स व जपानमधील सोनी या कंपन्यांनी एकत्र येऊन सीडीची मानके १९८० मध्ये निश्चित केली व १ ऑक्टोबर १९८२ रोजी सीडी वाजविणारे पहिले यंत्र जपानमध्ये विक्रीस आले. ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करून प्रत्येक मोजणी १६ बिटांत नोंदविण्याची पद्धत तेव्हा ठरली. अशा ७४ मिनिटांच्या ध्वनीसाठी असलेल्या जागेत संगणकीय माहिती साठविल्यास ती सु. ६५० मेगाबाइट भरते. संगणकाला एकही चूक चालत नसल्याने सीडी-रॉम या प्रकारात चुका सुधारणाऱ्या अंकांचा आणखी एक थर घालण्यात आला.

चित्रपटांसाठी १९९३ मध्ये व्हीसीडीचे मानक ठरले. साध्या सीडीवरच चित्र व ध्वनी संक्षेपित करून बसविण्याची ही योजना होती. चित्राची स्पष्टता ३५२ × २८८ बिंदूंपुरतीच, म्हणजे साधारण घरगुती व्हिडिओ कॅसेटइतकी होती आणि एका तबकडीवर सव्वा तासाच्या आतबाहेर चित्रण मावे. पाश्चात्त्य देशांत व्हीसीडी फारशी रुजली नाही. भारतासह आशियातील अनेक देशांत मात्र यंत्र व तबकडी दोन्ही स्वस्त असल्याने ती घरोघर पोहोचली. जागा वाचविण्यासाठी व्हीसीडीतील चित्रणाच्या भागातून सीडी-रॉममधील चुका सुधारणाऱ्या अंकांचा तो जादा थर वगळण्यात आला आहे. त्यामुळे सारख्याच ओरखड्याने सीडी-रॉममधील मजकूर वाचतो, पण व्हीसीडीतील चित्राचे चौकोनी तुकडे पडतात किंवा ते गोठते.

लेखनक्षम तबकड्या : कारखान्यात तयार होणाऱ्या तबकडीत खळगे धातूच्या साच्याने प्लॅस्टिकमध्ये दाबून उमटविलेले असतात, ते त्या पदार्थाचाच भाग असतात. घरी किंवा छायाचित्रकाराच्या दुकानात ‘भरल्या’ जाणाऱ्या सीडी-आर या तबकडीत खळगे नसतात. तिच्यात रिकामी सर्पिल खाच असून तीवर सेंद्रिय रंजकद्रव्याचा थर दिलेला असतो. वाचनाच्या किरणापेक्षा कितीतरी पट प्रखर लेसर या थरावर जेथे पडतो तेथे रंजकद्रव्य उष्णतेने कायमचे बदलते व तो बिंदू वाचकयंत्राला खळग्यासारखा भासतो. सीडी-आरची मानके १९९० मध्ये ठरली. सायनीन, ॲझो व थॅलोसायनीन हे त्यांतील रंजकद्रव्यांचे मुख्य वर्ग होत. त्यांपैकी थॅलोसायनीन प्रकाशाला सर्वांत चांगले तोंड देते, तर सायनीन त्या मानाने लवकर फिके पडते. परावर्तक थर बहुधा चांदीचा व क्वचित सोन्याचा असतो.

पुनर्लेखनक्षम सीडी-आरडब्ल्यू १९९७ मध्ये आली. तिच्यात रंजकद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा थर असतो. तो वितळवून झपाट्याने थंड केल्यास अस्फटिकी, तर मध्यम तापमानाला तापविल्यास स्फटिकी बनतो. या दोन अवस्थांची परावर्तनक्षमता भिन्न असल्याने जुनी नोंद पुसून नवी नोंद सु. एक हजार वेळा करता येते. दीर्घकालीन साठवणीसाठी मात्र हा प्रकार योग्य मानला जात नाही.

डीव्हीडी व ब्ल्यू-रे : भिंगाने लेसरचा ठिपका किती बारीक करता येईल, हे प्रकाशाची तरंगलांबी व भिंगाची अभिसरणशक्ती यांवर अवलंबून असते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर वापरतात. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये प्रथम विक्रीस आलेल्या डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर व अधिक शक्तीचे भिंग योजले गेले. त्यामुळे वेढ्यांतील अंतर ०·७४ मायक्रॉनपर्यंत कमी झाले व एका थरावर ४·७ गिगाबाइट माहिती मावू लागली. दोन थरांच्या डीव्हीडीची धारणशक्ती ८·५ गिगाबाइट असते. डीव्हीडी ही प्रत्येकी ०·६ मिमी. जाडीच्या दोन चकत्या चिकटवून तयार करतात व माहितीचा थर त्यांच्या मध्ये राहतो.

निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा टिकाऊ लेसर जपानमधील शूजी नाकामुरा यांच्या १९९० नंतरच्या दशकातील संशोधनामुळे शक्य झाला. त्याची ४०५ नॅनोमीटर तरंगलांबी वापरून ब्ल्यू-रे तबकडी तयार करण्यात आली. तिच्यावरील चित्रपट २००६ मध्ये विक्रीस आले व एचडी डीव्हीडी या प्रतिस्पर्धी प्रकाराने फेब्रुवारी २००८ मध्ये माघार घेतली. ब्ल्यू-रेच्या वेढ्यांतील अंतर ०·३२ मायक्रॉन, तर एका थराची धारणशक्ती २५ गिगाबाइट असते.

तुलना : ठिपक्याचे क्षेत्रफळ लक्षात घेतले, तर ब्ल्यू-रेचा ठिपका डीव्हीडीच्या ठिपक्याच्या सु. एक-पंचमांश असतो व धारणशक्तीचे प्रमाणही जवळपास तेवढेच, म्हणजे पाचपटींहून थोडे अधिक आहे. सीडी व डीव्हीडी यांच्यात ठिपक्याचे क्षेत्रफळ केवळ अडीच पटींनी घटले असले, तरी धारणशक्ती सु. सात पटींनी वाढली. उरलेली वाढ अधिक काटेकोर उत्पादन व सुधारित संकेतप्रणाली यांमुळे साधली.

माहितीचा थर कोठे आहे यावर तबकडीचे मर्मस्थान ठरते. सीडीत तो वरच्या, म्हणजे नाव छापलेल्या बाजूला केवळ रोगणाच्या आवरणाखाली असतो. त्यामुळे खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक असतो. खालचा घासून काढता येतो, वरचा मात्र माहितीच खरवडून नेतो. टोकदार बॉलपेनने सीडीवर नाव लिहिण्याने किंवा चिकटवलेले लेबल ओढून काढण्याने अनेक तबकड्या कायमच्या निकामी होतात. डीव्हीडीत माहितीचा थर मध्यभागी असल्याने तो दोन्ही बाजूंनी सुरक्षित असतो. परंतु चिकटवलेला सांधा सुटल्यास कडेने दमट हवा आत शिरते. ब्ल्यू-रेत तो वाचनाच्या पृष्ठभागापासून फक्त ०·१ मिमी. आत असल्याने पृष्ठभागावर कठीण लेप द्यावा लागतो.

टिकाऊपणाच्या बाबतीत प्रकाराइतकेच घटकद्रव्यांना महत्त्व आहे. कॅनडाच्या जतनविषयक संस्थेने दिलेल्या अंदाजांनुसार सोन्याचा थर व थॅलोसायनीन असलेली सीडी-आर शंभर वर्षांहून अधिक, कारखान्यात छापलेली सीडी ५० ते १०० वर्षे, तर पुनर्लेखनक्षम डीव्हीडी केवळ ५ ते १० वर्षे टिकू शकते. नवा व अधिक धारणशक्तीचा प्रकार अधिक टिकाऊ असतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. हे अंदाज नियंत्रित नसले तरी सौम्य हवामान गृहीत धरतात, ही गोष्टही लक्षात घेतली पाहिजे.

भारतातील प्रसार : १९८३ मध्ये स्थापन झालेल्या मोझर बेअर या भारतीय कंपनीने १९९९ मध्ये प्रकाशीय तबकड्यांचे उत्पादन सुरू केले व अल्पावधीत ती जगातील मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. २००७ च्या सुमारास तिने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विक्रीस आणल्या. चोरट्या प्रतींच्या किमतीशी स्पर्धा करणे हा त्यामागील हेतू होता. चोरट्या प्रतींचा प्रश्न किती गंभीर झाला होता, हे महाराष्ट्राने १९८१ च्या झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्धच्या स्थानबद्धता कायद्यात २००९ मध्ये दृक्‌श्राव्य चाच्यांचा समावेश केला, यावरून दिसून येते. पुढे भ्रमणध्वनी व आंतरजाल यांच्या प्रसाराने तबकड्यांची मागणी ओसरली आणि २०१८ मध्ये मोझर बेअर कंपनी अवसायनात निघाली.

तबकडी पुरावा म्हणूनही न्यायालयांपुढे आली. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत नामनिर्देशनपत्रे मुदतीनंतर स्वीकारली गेली काय, या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाच्या व्हीसीडी दाखल करण्यात आल्या होत्या. या प्रकरणात (खोतकर विरुद्ध गोरंट्याल) सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की, मूळ उपकरण सादर केल्यास प्रमाणपत्राची गरज नाही. मात्र त्यावरून काढलेली प्रत सादर करावयाची असल्यास कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. तबकडीवरील नोंद बहुधा प्रतच असते. तिचे मोल ती कोणी, कशावरून व केव्हा काढली या माहितीवर अवलंबून असते, हे तत्त्व न्यायालयाइतकेच इतिहाससंशोधकालाही लागू पडते.

मालवण किनारा व दशावतार : दशावताराचे प्रयोग जत्रेच्या दिवसांत देवळाच्या आवारात रात्रभर चालतात. संकासुराच्या प्रवेशाने ओळखला जाणारा पूर्वरंग व त्यानंतरचे पौराणिक आख्यान असे त्याचे स्वरूप असते. साथीला हार्मोनियम, पखवाज व झांज असते. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, आरोलकर इ. मंडळांच्या नावांनी ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘वस्त्रहरण’ या १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गाजलेल्या मालवणी नाटकाला गंगाराम गवाणकर यांची लिखित संहिता आहे. त्याचे चित्रण नष्ट झाले, तरी नाटक उरते. दशावताराच्या प्रयोगाला असा आधार नाही. एखाद्या नटाची संवादाची धाटणी, समोरच्याला निरुत्तर करण्याची हातोटी व गाण्याची ढब यांची नोंद चित्रणातच राहते.

व्हीसीडीमुळे हे प्रयोग मुंबईतील चाकरमान्यांच्या घरी पोहोचले. एक नाटक पुरे होण्यास दोन-तीन तबकड्या लागत. यांतील काही तबकड्या कारखान्यात छापलेल्या, तर कित्येक सीडी-आरवर भरलेल्या होत्या. वाचनाच्या बाजूचा रंग पाहून दोहोंतील फरक ओळखता येतो : छापील तबकडी स्वच्छ रुपेरी दिसते, तर भरलेल्या तबकडीवर निळसर, हिरवट किंवा सोनेरी झाक असते. जतनाच्या कामात झाक असलेल्या तबकड्यांना अग्रक्रम द्यावा लागतो.

या प्रदेशाचे हवामान तबकड्यांना प्रतिकूल आहे. अमेरिकेच्या मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्यांसाठी ४° ते २०° से. तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचविली आहे. सिंधुदुर्गात वर्षाला सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो, पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते व समुद्रावरील वाऱ्यात क्षार असतात. ओलावा रोगणातून किंवा कडेने आत शिरल्यास ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीभवन होते व क्षारांमुळे ते वाढते. चांदीचा थर गंधकयुक्त संयुगांनी काळवंडतो. उजेडासमोर धरल्यास अशा तबकडीत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागतात. बुरशीचा धोकाही काल्पनिक नाही. मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण व दमट देशातील एका सीडीच्या थरांत जिओट्रिकम जातीची बुरशी वाढून तिने ॲल्युमिनियम व पॉलिकार्बोनेट पोखरल्याचे स्पॅनिश शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले.

जतन : तबकडी कडेने व मधल्या छिद्राशी धरावी, डबीत घालून उभी ठेवावी आणि ऊन, ओल व स्वयंपाकघरातील वाफ यांपासून दूर ठेवावी. पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. कारण मार्गाच्या दिशेने पडलेला लांब ओरखडा चुका सुधारणाऱ्या योजनेच्या आवाक्याबाहेर जातो. तथापि काळजी घेतल्याने केवळ मुदत वाढते. अंकीय नोंदीची प्रत मूळ नोंदीइतकीच शुद्ध असते, हा तिचा मोठा गुण आहे व तिच्या जतनाचा खरा मार्गही तोच आहे. तबकडी वाचली जात आहे तोवरच तिची प्रत संगणकावर घ्यावी. व्हीसीडीचे चित्रण पुन्हा संक्षेपित न करता जसेच्या तसे उतरवावे. किमान दोन प्रती वेगवेगळ्या गावी, शक्य तर एक घाटावर, ठेवाव्यात. आणि मंडळ, आख्यान, नट, गाव व तारीख यांची नोंद सोबत जोडावी. या तपशिलाशिवाय वाचलेले चित्रणही अभ्यासकाला अर्धेच उपयोगी पडते.

वाचकयंत्रांचा प्रश्नही आता उभा आहे. नव्या संगणकांत ती बहुधा नसतात व घरोघरची व्हीसीडी-यंत्रे अडगळीत गेली आहेत. सोनी कंपनीने लेखनक्षम ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या जुन्या पोथ्या कागदावर असूनही आजही नुसत्या डोळ्यांनी पाहता येतात. तबकडीतील खळगे मात्र यंत्रावाचून मुकेच राहतात. दशावताराच्या २००० नंतरच्या दशकातील भरलेल्या तबकड्यांना आता पंधरा ते पंचवीस वर्षे झाली आहेत. कोकणच्या हवेत त्यांच्या आयुष्याचा हा उत्तरकाळ होय. त्यांवरील प्रयोग पुढील पिढीला पाहावयास मिळतील किंवा नाही, हे तबकडीच्या गुणांपेक्षा त्यांच्या प्रती किती लवकर काढल्या जातात यावर अवलंबून आहे.